मूर्ख म्हटलं की तपास संपला

‘मूर्ख’ हा शब्द त्यांच्यापुढे उच्चारायची सोय नव्हती. तुम्ही स्वतःच्या सुनेला म्हणा, पोस्टमनला म्हणा, नाहीतर सिनेमातल्या राजकन्येला म्हणा, काका लगेच मान वळवायचे आणि म्हणायचे, "मूर्ख म्हटलं की तपास संपला. उठा, घरी जा." म्हणजे घरी जायचं नसायचं. म्हणजे आता बसायचं आणि त्यांचं ऐकायचं.

काका म्हणजे माझे कुणी काका नव्हेत. माझ्याहून थोडेच मोठे. पण इथे मिशिगनमध्ये, नोव्हाय गावात, सगळे सगळ्यांचे काका नि काकू. नातवंडं म्हणतात म्हणून मुलं म्हणतात, मुलं म्हणतात म्हणून आम्ही म्हाताऱ्याही म्हणतो. नाव काही मी सांगणार नाही. ते गेले. पण ज्यांच्याबद्दल मला बोलायचंय ते सगळे आहेत, चांगले धडधाकट आहेत, आणि मला गाडी चालवता येत नाही. नावं घेतली तर उद्या मला देवळात कोण नेईल?

त्यांची सगळी नोकरी गाड्यांच्या कंपनीत गेली. गाड्या बनवण्यात नव्हे, मोडलेल्या गाड्या तपासण्यात. कुठे ब्रेक लागला नाही, कुठे चाक निखळलं, की ती गाडी ह्यांच्यापुढे आणून उभी करायची आणि ह्यांनी शोधायचं, का झालं. अगदी नवीन होते तेव्हा एकदा त्यांनी सांगून टाकलं, चूक ड्रायव्हरची आहे. तर त्यांचा गोरा साहेब म्हणाला, आधी त्याच्या सीटवर जाऊन बस. तो जेवढा बुटका होता तेवढा बुटका हो, मग सांग. काका गेले, सीट पुढे ओढून अंग चोरून बसले, आणि बघतात तो काय, पायाखालचं रबराचं जाजम पुढे सरकून ब्रेकच्या पॅडलखाली अडकत होतं. उंच माणसाला ते कधी कळलंच नसतं. "तेव्हापासून सांगतो बार्शीकर," मला म्हणाले, "मी कुणाला मूर्ख म्हटलं नाही. हिच्या भावाला सोडून."

ते मला बार्शीकर म्हणायचे. माणसांना गावावरून हाक मारायची त्यांची खोड. आणि स्वतःच्या बायकोला म्हणायचे ‘बाई’. काकू सांगलीला शाळेत गणित शिकवायच्या, सगळी शाळा त्यांना बाई म्हणायची, म्हणून लग्न झाल्यावर हेही बाई म्हणू लागले. "अहो बाई, आमटीत मीठ राहिलं," असं. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला वाटलं, स्वयंपाकाला कुणी ठेवलीय की काय!

विक्षिप्त तर होतेच. दुकानात गेले की ढकलगाडी अशी सहज ओढून घ्यायची नाही. एक ढकलून बघायची, कान देऊन ऐकायची, परत ठेवायची. मग दुसरी. चाक कुरकुरलं की तिथेच उकिडवे बसून त्याच्यातून कुणाचा तरी लांब केस ओढून काढायचे. मागे गोऱ्या बायका रांगेत उभ्या. माझी सून म्हणायची, "आई, काकांबरोबर ग्रोसरीला नका हो जाऊ, ऑकवर्ड होतं." मी जायचेच. त्यांनी निवडलेली ढकलगाडी लोण्यावरून चालल्यासारखी चालायची.

आता सिनेमाचं सांगते.

आमच्यात एक डॉक्टरीणबाई आहेत. फार वर्षांपूर्वी आलेल्या, आता रिटायर. घर मोठं, बेसमेंट त्याहून मोठं, आणि तिथे भिंतभर पडदा. थंडीत म्हाताऱ्यांनी करायचं काय? म्हणून दर रविवारी दुपारी त्यांच्याकडे सिनेमा. मी, काका-काकू, नागपूरचे भाऊ आणि अजून एकदोन जोडपी, ज्यांना मुलं आणून सोडतील ती. चहा, चिवडा, आणि प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळलेला रिमोट. हो, मिशिगनमध्येसुद्धा. तो रिमोट काकांच्या हाताला लागला की झालं.

"पॉज!" ते स्वतःच ओरडायचे आणि स्वतःच करायचे.

सिनेमे आम्ही बघायचो ते नातवंडांनी सुचवलेले. राजकन्या, जादू, बर्फाचे डोंगर, बोलणारी जनावरं. खाली इंग्रजी अक्षरं पळायची, मी निम्मी वाचायची, निम्मी अंदाजाने. मी चौथीपर्यंत शिकलेली. बाकीचं पुढे आपापलं वाचून. पण काकांमुळे मला प्रत्येक गोष्ट समजायची. कारण काका सगळं विचारायचे. आणि काय विचारायचे! अर्धा सिनेमा झाल्यावर हा माणूस विचारणार, "थांबा. ही म्हातारी कोण?"

"अहो काका," डॉक्टरीणबाईंचा आवाज चढायचा, "पहिल्या सीनपासून आहे ती! दाई आहे राजकन्येची!"

"दाई. बरं. आणि हिला घंटा कुणी दिली?"

"आजोबांनी! मरताना! आत्ताच तर दाखवलं!"

"घंटा किती वेळा वाजते?"

"एकदा! काका, एकदाच! पुढे जाऊ दे ना आता!"

तो घंटेचा सिनेमा माझ्या चांगला लक्षात आहे. डोंगरात एक राक्षस झोपलेला. घंटा वाजवली की तो उठतो आणि वाजवणाऱ्याचं एक काम करतो. मग घंटेला तडा जातो, संपलं. शत्रू शहरावर चालून येतोय आणि राजकन्या गोठलेल्या तळ्यावरून पळतेय. बरोबर तिची म्हातारी दाई. बर्फ फुटतो, दाई पाण्यात जाते, आणि ही पोर काय करते, तर घंटा वाजवते. राक्षस येतो, दाईला चिमटीत धरून बाहेर ठेवतो आणि निघून जातो. तिकडे शहराचा दरवाजा पडतो.

बेसमेंटमध्ये जो गलका झाला तो विचारू नका.

"हे काय लॉजिक आहे?" डॉक्टरीणबाई. "एका म्हातारीसाठी अख्खं शहर घालवलं! मूर्ख मुलगी."

"पॉज!"

"अन् दोर?" नागपूरचे भाऊ खुर्चीतून उठलेच. "कधी न संपणारा दोर होता ना पोरीकडे? त्या बोकडानं दिला होता! फेक ना बाप्पा तो दोर! घंटा कायले वाजवते?"

"दोर घोड्यावर राहिला," काका म्हणाले. "घोडा पुलाच्या अलीकडे सोडला तिनं. बघायचंय? मागे घेतो."

"नको!!" सगळे एकदम.

"मग सांगा. तुम्ही तिथे आहात. दाई बुडतेय. शहर पडणार हे तुम्हाला कळलंय का?"

"आम्हाला कळलंय ना," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "दिसतच होतं."

"तुम्हाला. तुम्ही सोफ्यावर आहात. ती तळ्यावर आहे. तिला काय माहीत होतं तेवढंच बोला. पुढचा सीन बघून मागच्या माणसाला शिव्या घालायच्या नाहीत, हा आमच्या धंद्यातला पहिला नियम."

"अहो, पण राजकन्या आहे ती! रिस्पॉन्सिबिलिटी आहे की नाही?"

"दाईनं पाजलंय तिला."

"म्हणजे इमोशनल फूल."

"पुन्हा तेच. फूल म्हटलं की तपास संपला."

भाऊ म्हणाले, "काका, तुम्ही त्या पोरीचे वकील आहात का हो?" सगळे हसले. काकाही हसले. आणि माझ्या शेजारी बसलेल्या काकू शांतपणे म्हणाल्या, "दाई वाचली ना? मग ठीक आहे." आणि सिनेमा पुढे सुरू झाला.

त्या दिवशी मी बघितलं. मी नेहमी काकूंच्या डाव्या बाजूला बसायची, काका उजव्या. काकांनी पॉज म्हणायच्या आधी काकूंची दोन बोटं काकांच्या बाहीच्या बटणावर जायची. हलकंच, जसं आपण देवळात नवऱ्याला खुणावतो, चला आता. बटण ओढलं की पॉज. बटण ओढलं की "ही म्हातारी कोण?" मग सगळे ओरडून सांगणार, दाई, घंटा, आजोबा, आणि काकू मान हलवणार, जशी गणिताची बाई मुलाचं उत्तर बरोबर आल्यावर हलवते. सगळं पुन्हा एकदा त्यांच्यापुढे मांडून झालेलं असायचं, आणि विचारणारा बावळट ठरायचा तो नवरा.

सगळंच तिच्यासाठी होतं असं म्हणून मी त्यांना संत करणार नाही. वाद घालायची खाज त्यांना होतीच. बटण सुटल्यावरही ते पुढे चांगला पाव तास त्या राजकन्येची बाजू लढवायचे, आणि लोकांचा चहा गार व्हायचा.

मी काही बोलले नाही. पण त्यांनी ओळखलं. लायब्ररीत आम्ही चालायला जायचो, बाहेर बर्फ असला की आतल्या आत फेऱ्या. काकू पुढे रंगीत पुस्तकांपाशी थांबल्या होत्या. काका मला म्हणाले, "तुम्ही बघितलंत."

"काय?"

"बटण."

मी मान हलवली.

"डॉक्टरांनी तिच्या विसरण्याला नाव दिलंय," ते म्हणाले. "मी ते नाव घरात आणलेलं नाही. माणसांत ठेवा म्हणालेत. रविवारी ती सकाळपासून साडी काढून ठेवते बार्शीकर, पिन शोधते, मॅचिंग बघते. तेवढा दिवस ती पूर्वीची असते. जन्मभर दुसऱ्यांची गणितं तपासली तिनं. तिला कुणी हळूहळू समजावून सांगायला लागलं ना, तर ती त्या घरात पुन्हा पाय ठेवायची नाही."

"मुलीला सांगितलंय?"

"नाही."

"अहो, पोटची मुलगी—"

"सिॲटलहून येईल, सगळं ताब्यात घेईल. चांगलीच आहे ती. म्हणूनच नको." मग माझ्याकडे वळून म्हणाले, "तुम्ही कुणाला बोलायचं नाही. शपथ घ्या."

मी घेतली. तुळजाभवानीची घेतली. आमच्यात ती मोडत नाहीत.

त्यानंतर पुतण्याच्या लग्नाला मी बार्शीला गेले, आणि आले ती हिवाळा उतरणीला लागल्यावर. इथला फोन चालू केला तर त्यात मला एका नव्या ग्रुपात घातलेलं. ‘रविवार सिनेमा नॉनस्टॉप’. जुना ‘रविवार सिनेमा’ तसाच होता, त्यात फक्त एका माणसाचे मेसेज होते. दर शनिवारी काका विचारायचे, ‘उद्या किती वाजता?’ एकदा कुणी तरी लिहिलं होतं, उद्या जमत नाही. एकदा कुणी तरी अंगठा दाखवला होता. मग डॉक्टरीणबाईंचा मेसेज: बेसमेंटमध्ये पाणी शिरलं, संप पंप बिघडला, कार्पेट काढलंय, काही दिवस सिनेमा बंद. आणि त्याच दिवशी नॉनस्टॉपवर: उद्या दोन वाजता, प्लीज बी ऑन टाइम.

इथल्या बेसमेंटमध्ये जमिनीखालचं पाणी साचू नये म्हणून कोपऱ्यात खड्डा असतो, त्यात तो पंप. तो बंद पडला की घरात तळं. खोटं बोलायला कारण चांगलं होतं. पण सांगितलं कुणाला, तर जन्मभर ‘हे का बिघडलं’ एवढंच शोधत आलेल्या माणसाला! एवढी शिकलेली माणसं, पण हे एकालाही सुचलं नाही.

मी परत आल्यानंतरचा पहिला रविवार. सुनेनं मला डॉक्टरीणबाईंकडे सोडलं. मी खाली उतरते तो कार्पेट जागच्या जागी, चिवडा जागच्या जागी. मी म्हटलं, "काका-काकू कुठायत?"

"अहो मावशी, बसा तर आधी," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "शांतपणे एक सिनेमा बघता येत नव्हता हो! लोक यायचे बंद झाले असते. तुम्हाला नाही वाटत?"

"मग तसं त्यांना सांगायचं."

"कसं सांगणार? वाईट वाटेल ना त्यांना."

भाऊ खाली मान घालून चिवड्यातले दाणे वेचत होते. म्हणाले, "माणूस चांगला आहे मावशी. पण बोअर करते हो."

आणि वरची बेल वाजली.

डॉक्टरीणबाई वर गेल्या, मी त्यांच्या मागे. दारात काका. गुडघ्यापर्यंत रबरी बूट, एका हातात टॉर्च, दुसऱ्या हातात पान्यांची पेटी. मागे त्यांची गाडी, त्यात काकू. हिरवी साडी, कोटाच्या वर पदराची पिन नीट दिसेल अशी बसवलेली. ड्राइव्हवेवर सगळ्यांच्या गाड्या. खालून सिनेमाचं संगीत येत होतं, तलवारीबिलवारी चाललेल्या.

"पंप बघायला आलो," काका म्हणाले. "एवढे दिवस बंद म्हणजे नुसती मोटर नसणार. म्हटलं, परक्या माणसानं फसवायला नको." मग त्यांनी ते संगीत ऐकलं. गाड्यांकडे बघितलं. माझ्याकडे बघितलं.

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "अय्या काका! अहो, कालच दुरुस्त झाला. मी मेसेज करणारच होते."

"झाला? बरं झालं." आवाजात काही नाही. "त्याचा व्हॉल्व्ह बदलला का? नाहीतर पाणी उलटं येतं."

"हो हो. बदलला."

"छान." त्यांनी टॉर्च खिशात ठेवली. "या ना आत" असं कुणी म्हणेल म्हणून मी वाट बघत होते. मीच म्हणावं तर घर माझं नाही. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "कॉफी घेणार?" दार अर्धं धरून विचारतात तशी.

"नको. बाई गाडीत आहेत."

मी चपला न घालता, सपाता तशाच, त्यांच्या मागे गेले. बर्फात. त्यांनी पेटी मागे ठेवली, दार उघडलं आणि काकूंना सांगितलं, "पाणी आहे बाई अजून खाली. पुढच्या रविवारी बघू." काकू म्हणाल्या, "बिचाऱ्या. केवढा त्रास झाला त्यांना." आणि हातातला लाडवांचा डबा माझ्याकडे देऊन म्हणाल्या, "हे द्या हो त्यांना, स्वयंपाक कुठे सुचत असेल."

मला इतकी चीड आली. मी काकांना बाजूला ओढलं. म्हटलं, "मी आत्ता आत जाते आणि सगळं सांगते. पाच मिनिटांत तुम्हाला हाताला धरून खाली नेतील."

"नेतील," काका म्हणाले. "आणि हिच्याकडे कसे बघतील ते मी बघत बसू?"

"अहो, मूर्ख समजतात तुम्हाला!"

"समजू दे. मला समजतायत ना?" पहिल्यांदाच त्यांनी त्या शब्दावर मला अडवलं नाही. "माझा कंटाळा आला तर चालेल बार्शीकर. तिची कीव नको. शपथ आहे तुम्हाला."

गाडी गेली. मी डबा घेऊन उभी. लाडू मी त्या घरात दिले नाहीत. पायऱ्यांवर ठेवले, सुनेला फोन केला आणि घरी घेऊन आले. आमच्या घरच्यांनी खाल्ले. चांगले झाले होते. साखर दोनदा पडलेली, पण चांगले झाले होते.

मग रविवारी मी त्यांच्याकडे जाऊ लागले. तिघांचा सिनेमा. छोट्या टीव्हीवर. पण ते जमलं नाही, खरं सांगते. काकू साडी नेसेनाशा झाल्या; घरातल्या घरात कोण नेसतं? गाऊनवर बसायच्या. आणि तिघांत वाद कोण घालणार? मी राजकन्येला मुद्दाम नावं ठेवून बघायची, पण काकांना आतून लढायचं नसायचं. घंटेचा सिनेमा त्यांनी पुन्हा लावला, तेव्हा काकूंनी बटणही ओढलं नाही. नुसतं बघत राहिल्या. बटण ओढायला निदान आपला धागा सुटलाय हे तरी कळावं लागतं.

डॉक्टरीणबाईंनी त्यांना रविवारी येऊ दिलं असतं तर आजार थांबला असता असं मी म्हणत नाही. मला कुठे ते कळतंय. पण आणखी एक हिवाळा निघाला असता. एखादा उन्हाळा. माझा राग त्या तेवढ्याचा आहे.

आणि राग काकांवरही आहे, तो कुठे ठेवू? जगातल्या सगळ्या बुटक्या ड्रायव्हरांच्या सीटवर जाऊन बसले, पण स्वतःच्या सीटवर कुणाला बसू दिलं नाही. हृदयाचं ऑपरेशन ठरलं तेव्हाही मुलीला म्हणाले, छोटं आहे, येऊ नकोस. काकूंना माझ्याकडे ठेवून गेले. जाताना मला म्हणाले, "दोन दिवसांचा प्रश्न आहे. टीव्हीवर काही लावलंत तर मध्येमध्ये थांबा." ऑपरेशन टेबलवरून उठलेच नाहीत.

मुलगी आली. माझ्या स्वयंपाकघरात उभं राहून आईकडे बघत होती. काकूंनी तिला विचारलं, "तुम्ही कोणाकडच्या?" ती पोर माझ्याकडे वळली, तोंड पांढरंफटक. "मावशी, बाबा नेव्हर टोल्ड मी. का नाही सांगितलं? व्हॉट डिड ही थिंक आय वुड डू?"

मी काय सांगणार? मला ठाऊक होतं ते काय समजत होते, आणि ते तिला सांगण्यासारखं नव्हतं. मी म्हटलं, "तुला त्रास नको म्हणून, बाळ." तिला ते खोटं वाटलं. होतंच.

अंत्यदर्शनाला सगळे आले. इथे तो हॉल तासांवर मिळतो, कॉफी ठेवलेली असते, माणसं कोट हातात घेऊन हळू आवाजात बोलतात. मुलीनंच सगळ्यांना आईचं सांगितलं; तिला लपवायचं कारण नव्हतं. डॉक्टरीणबाईंचे डोळे भरून आले. खरेच आले, मी बघितलं. माझा हात धरून म्हणाल्या, "अहो, आम्हाला सांगायचं ना! मी डॉक्टर आहे. आम्ही काय परके होतो का?"

मी म्हटलं, "तुमचा पंप बरा आहे ना आता?"

त्यांनी हात सोडला. पण बाई मनाच्या मोठ्या, असं सगळे म्हणतात, आणि असतीलही. मुलगी काकूंना सिॲटलला नेणार होती, त्याच्या आधीच्या रविवारी त्यांनी फोन केला. काकूंसाठी खास ठेवलंय, घेऊन या. मुलगी म्हणाली, सो नाइस ऑफ देम. सामान बांधायला तिला दुपार मोकळी हवीच होती. तिनं आम्हा दोघींना तिथे सोडलं. मी काकूंना हिरवी साडी नेसवली होती, पिन लावून.

पायऱ्या उतरताना दोन्ही बाजूंनी दोघी. सोफ्यावर उशा. डॉक्टरीणबाई गुडघ्यांवर वाकून काकूंच्या तोंडाशी तोंड नेऊन म्हणाल्या, "काकूऽऽ! ओळखलंत काऽऽ? चहाऽऽ घेणार?" कुणी तरी त्यांच्या मांडीवर टॉवेल पसरला, सांडेल म्हणून. भाऊंनी बिस्किटाचा बारीक तुकडा करून हातात दिला. राजकन्या नाही, घंटा नाही, राक्षस नाही. पडद्यावर एक ससा होता, गाजरं मोजणारा. अगदी लहान मुलांचा. ससा ‘एक’ म्हणाला की सगळे माझ्या वयाचे लोक टाळ्या वाजवून काकूंकडे बघत, ‘एऽऽक!’

कुणीही कशावरही वाद घातला नाही. रिमोट टेबलावर पडून होता.

काकूंनी तो ससा थोडा वेळ बघितला. बिस्किटाचा तुकडा टॉवेलवर नीट ठेवला. मग माझ्याकडे झुकून, वर्गात इन्स्पेक्टर बसलेला असताना बाई बोलतात तशा हळू आवाजात म्हणाल्या, "ह्या बाईंना सांगा, मला ऐकू येतं."

शपथ घालणारा आता नव्हता. मी सांगितलं. काकूंना ऐकू येतं, हे सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगितलं.

"अय्या!" डॉक्टरीणबाई छातीवर हात ठेवून म्हणाल्या. "किती गोड!"

मी काकूंचा कोट आणायला उठले.